ओल्या बांबूच्या पट्ट्या

देवानंद गेल्याचं मला शिक्षकांच्या ग्रुपवर कळलं. गणवेशाची मापं कधीपर्यंत पाठवायची या सूचनेखाली कोणीतरी त्याचा फोटो टाकला होता आणि त्याखाली दोन ओळी... सकाळी शाळेत जायला निघताना छातीत कळ आली, पांढरकवड्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी तेव्हा यवतमाळला माझ्या घरी चहा पीत होतो. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते मी इतके आठवडे कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. इतक्या वर्षांचा मित्र गेला आणि मला आधी हायसं वाटलं. आता ते सांगणारं कोणी उरलं नाही, असं वाटलं. नंतर डोळे भरून आले, हेही खरंच आहे. पण ते नंतर.

दिवसभर ग्रुपवर संदेश येत राहिले. एरवी अशा वेळी जोडलेल्या हातांची चित्रं येतात, भावपूर्ण श्रद्धांजली येते आणि संध्याकाळपर्यंत ग्रुप पुन्हा माहिती मागवण्याच्या कामाला लागतो. देवानंदच्या फोटोखाली मात्र लोक वाक्यं लिहीत होते. एकानं लिहिलं, माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा सरांनी आठ दिवस मला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. एका बाईंनी लिहिलं, फळ्यासमोरून बाजूला व्हायला मला सरांनी शिकवलं. मी एकेक वाचत होतो आणि मनात एकच घाणेरडा विचार चालू होता की मी गेलो तर यांतले किती जण स्वतःचं वाक्य लिहितील. मेलेल्या माणसावरही जळता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आम्ही दोघं यवतमाळला डी.एड.ला एकाच खोलीत राहत होतो. तो दिग्रसचा, वडील जिनिंगमध्ये कामाला. मी मुकुटबनकडचा, घरची शेती. मी वर्गात पहिला होतो आणि ते मला फार आवडायचं. माझ्या वह्या नीट, समासाची रेघ लाल, मुद्दे निळ्या शाईत. देवानंद माझ्याच वह्या वाचून पास झाला, हे मी पुढे अनेकांना हसत हसत सांगितलं आहे. परीक्षेला अध्यापनाच्या सूत्रांवर हमखास प्रश्न यायचा. ज्ञाताकडून अज्ञाताकडे, म्हणजे मुलाला जे ठाऊक आहे तिथून सुरुवात करायची आणि जे ठाऊक नाही तिथं न्यायचं. मी त्यावर सात पानं लिहिली होती. देवानंदनं अर्धं पान लिहिलं आणि बाहेर येऊन मला विचारलं, "गज्या, हे इतकं सरळ हाये तर सात पानं कायले लिवलीस बे?" मी म्हटलं, मार्कांसाठी. त्यावर तो हसला. टोमणा नव्हता तो, त्याला खरंच प्रश्न पडला होता.

सराव पाठ घ्यायचे असत तेव्हा माझा पाठ पाहायला इतर विद्यार्थ्यांना बसवायचे. थर्माकोलचा नमुना, रंगीत खडू, पस्तिसाव्या मिनिटाला स्वाध्याय. देवानंदचा पाठ नेहमी कोलमडायचा. तो मुलांना काहीतरी विचारायचा, मुलं भलतंच सांगायची आणि तो त्या भलत्याच्या मागे जायचा. मग घंटा व्हायची. त्याला ब श्रेणी मिळायची नि मला अ, आणि रात्री मेसमध्ये तो माझ्या ताटात स्वतःची चपाती टाकत म्हणायचा, पुढं तूच साहेब होशील. झालो मी साहेब. केंद्रप्रमुख झालो, दहाबारा शाळा माझ्याकडे आल्या. त्यांतली एक झरी जामणी तालुक्यातल्या कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची. अशा वस्तीला इकडे पोड म्हणतात. देवानंद तिथं आधीपासून होता. बदलीची संधी दोनदा येऊनही त्यानं अर्ज भरला नव्हता.

त्या शाळेला पहिली भेट दिली तो दिवस मला अजून तारखेसकट आठवतो. मी मोटारसायकल लावली आणि वर्गात डोकावलो, तर वर्ग रिकामा. मागच्या पडवीत सगळी पोरं जमिनीवर बसलेली, मध्ये देवानंद मांडी घालून, आणि त्यांच्यासमोर हिरव्या बांबूच्या पट्ट्या. कोलाम घरांत टोपल्या, सुपं, कुडाच्या भिंतीला लावायचे ताटवे, म्हणजे बांबूच्या चटया, विणतात. पोरांचे हात त्यात लहानपणापासून बसलेले असतात. देवानंद कोलामीत काहीतरी विचारत होता. सहा पट्ट्या उभ्या, चार आडव्या. एक मुलगी विणत होती आणि पट्टी पट्टीवर जिथं यायची तिथं दुसरी खडूचा ठिपका देत होती. ठिपके मोजले, चोवीस भरले. मग देवानंदनं काही न बोलता तो चिमुकला ताटवा उचलला, काटकोनात फिरवला, आडवं उभं झालं, उभं आडवं, आणि नुसता पोरांकडे पाहत राहिला. मग त्या मुलीनं आधी कोलामीत आणि नंतर मराठीत सांगितलं की आता उभ्या चार, आडव्या सहा, पण ठिपके तितकेच आहेत, मोजायची गरज नाही.

मी वीस वर्षं गुणाकाराचा हा नियम, सहा चोक काय नि चार सक काय, शिकवत आलो होतो. त्याची व्याख्या मला झोपेत विचारा. पण ज्या मुलांना पाढे म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, ती मुलं स्वतःच्या हातांतून त्या व्याख्येपर्यंत येताना मी पहिल्यांदा पाहत होतो. आणि ही सगळी माझ्या वहीतली गोष्ट होती. माझ्या सात पानांतली. त्यानं माझ्याकडून घेतली आणि खरी करून दाखवली. मी ती फक्त लिहिली होती. मला भरून यायला हवं होतं. मला राग आला.

मी टाचण वही मागितली. उद्या काय शिकवणार याची रोज नोंद करायची ही वही प्रत्येक शिक्षकाकडे असते. देवानंदच्या वहीत दीड महिन्याचं टाचणच नव्हतं. त्याजागी पानंच्या पानं कोलामी शब्द होते आणि पुढे कोणत्या आईनं कोणता शब्द सांगितला ते. मी शाळेचं शेरेबुक ओढलं आणि माझ्या सुरेख अक्षरात लिहिलं : अध्यापन बोलीभाषेतून सुरू असल्याचे आढळले. टाचण अपूर्ण. सुधारणा आवश्यक. ताटव्याविषयी एक अक्षर लिहिलं नाही. त्यानं वाचलं, खाली सही केली आणि विचारलं, "जेवून जाशीन ना? रत्नानं अंबाडीची भाजी केली हाये." मी मीटिंग असल्याचं सांगून निघालो. मीटिंग नव्हती.

त्या शेऱ्यावरून त्याला नोटीस आली. मग तो रोज टाचण लिहू लागला. पोडातल्या बायांजवळ बसून शब्द गोळा करण्याचा त्याचा संध्याकाळचा वेळ त्यात जाऊ लागला. पुढच्या भेटीत मी वही पाहिली तर सगळं चोख, लाल समासासकट. तो म्हणाला, "तुह्याच जुन्या वहीतून उतरवून राह्यलो. जपून ठेवली होती ना म्या." मी सही केली. वर पाहण्याची हिंमत झाली नाही.

इथपर्यंत जे झालं त्याला मत्सर म्हणून सोडून देता आलं असतं. पुढचं त्याहून वाईट आहे. दर महिन्याला शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. त्या वेळी तालुक्याची मोठी परिषद होती, वरचे अधिकारी येणार होते आणि प्रत्येक केंद्रानं एक नवा उपक्रम मांडायचा होता. देवानंदच्या ताटव्याखेरीज माझ्याकडे मांडण्यासारखं काही नव्हतं. घरून निघताना ठरवलं होतं की माझ्या केंद्रातल्या एका शिक्षकानं असं केलं, असंच म्हणायचं. नावही घ्यायचं. माईकसमोर उभा राहिलो, पहिल्या रांगेतल्या साहेबांनी पेन उघडला आणि माझ्या तोंडून निघालं, "मी असा विचार केला की..." एकदा मी म्हटल्यावर पुढचं सगळं मी मीच होत गेलं. विस्तारानं बोललो, बोलायला मला येतंच. ज्ञाताकडून अज्ञाताकडे हेही घातलं. टाळ्या झाल्या. देवानंद तिसऱ्या की चौथ्या रांगेत बसला होता.

प्रश्न विचारा म्हटल्यावर त्यानं हात वर केला. आता हा सगळं सांगणार, असं मी धरून चाललो. तो उभा राहिला, आणि सभेत बोलतात तसं जपून बोलला, "सर, पट्ट्या ओल्या घ्याव्या असं सांगा. रातभर पाण्यात ठेवाव्या अन् धार खरवडून घ्यावी. वाळल्या पट्टीनं पोट्ट्यायचे हात कापतेत." इतकंच, आणि खाली बसला. मला हे माहीत नव्हतं. माहीत असणार कसं? मी आयुष्यात एकही ताटवा विणला नव्हता. मी माईकवर म्हणालो, हो, ते ओघानं आलंच, आणि पुढचा प्रश्न घेतला. जेवणाच्या वेळी तो ताट घेऊन माझ्याजवळ आला. "बोललास मस्त. माह्याच्यानं नसतं जमलं असं," म्हणाला आणि लोणच्याची फोड मागून घेतली. मी त्याच्या चेहऱ्यावर उपहास शोधत होतो. सापडला असता तर मला बरं वाटलं असतं.

साहेबांना उपक्रम आवडला. मला माहितीपत्रक तयार करायला सांगितलं, ते सगळ्या शाळांना वाटायचं होतं. मी दोन पानं लिहिली, आकृत्या काढल्या, खाली माझं नाव. ओल्या पट्ट्यांचं वाक्य मी लिहिलं आणि खोडलं. काहून खोडलं, असं कोणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. त्या सभेत पन्नास माणसांनी ते वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं होतं. ते घेतलं की त्याचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि एक वाक्य त्याचं म्हटलं की बाकीचं कोणाचं हा प्रश्न आलाच असता. म्हणून दोन पानं गेली, ते एक वाक्य गेलं नाही.

महिन्याभरात एका शाळेतून मुख्याध्यापकांचा फोन आला. बाजारातून वाळलेल्या पट्ट्या आणून वर्गात वाटल्या होत्या. दोन मुलींची बोटं कापली, एकीला दवाखान्यात नेऊन टाके घालावे लागले. पालक चिडले होते. मुख्याध्यापक मला म्हणाले, सर, यात असं काही होते हे पत्रकात नव्हतं. मी म्हणालो, नव्हतं. शेरा लिहिला तेव्हा नुकसान देवानंदचं झालं होतं आणि तो मित्र होता, सोसेल असं मी धरून चाललो होतो. या मुली माझ्या कोणी नव्हत्या... मी त्या शाळेत गेलो नाही. देवानंदला कुठून कळलं माहीत नाही, पण तो एक दिवसाची रजा टाकून गेला, पट्ट्या भिजवून नेल्या, शिक्षकांना विणायला बसवलं आणि टाके पडलेल्या मुलीच्या घरी जाऊन आला. हे मला मुख्याध्यापकांनी सांगितलं. तुम्हीच पाठवलं ना त्यांना, असंही विचारलं. मी हो म्हणालो.

पुढे मला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, दुसऱ्या तालुक्यांतून बोलावणी आली. तेव्हा मी ओल्या पट्ट्यांचं वाक्यही बोलू लागलो, तेही माझंच म्हणून. देवानंदला टाळू लागलो. त्याची पुढे पांढरकवड्याजवळ बदली झाली, तिथं त्यानं घर बांधलं, गृहप्रवेशाला बोलावलं तरी गेलो नाही. शेवटची भेट गेल्या उन्हाळ्यात पांढरकवड्याच्या स्टँडवर. तो मुकुटबनची बस धरायला उभा होता. बदली होऊन इतकी वर्षं झाली तरी रविवारी पोडात जायचा. मला पाहून त्यानं दोन चहा सांगितले. मी ठरवलं, आता बोलायचं. म्हटलं, देवा, एक सांगायचं होतं. तो म्हणाला, "सांग ना गड्या." आणि बस लागली. त्यानं पिशवी उचलली, पुढच्या वेळी निवांत म्हणाला, चढला. मला तेव्हाही हायसंच वाटलं होतं.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो नाही. ताप असल्याचं कळवलं. तीन आठवड्यांनी, एका रविवारी दुपारी, न कळवता त्याच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. ओसरीवर रत्नावहिनी बसल्या होत्या आणि त्यांच्याजवळ पोडातली तीनचार माणसं. त्यांतल्या एका बाईंची वहिनींनी ओळख करून दिली, ही लच्मी, यांची विद्यार्थिनी, आता अंगणवाडी चालवते. ताटवा विणणारी ती हीच का, हे विचारायचं मला सुचलं नाही, किंवा धीर झाला नाही. ते सगळे कोलामीत बोलत होते, आणि एकदम हसले. वहिनीही हसल्या, डोळे पुसत. मला एक शब्द कळला नाही. त्या घरात मीच एकटा अडाणी होतो. वहिनींनी मग सांगितलं, "ह्यायनं विणलेल्या पहिल्या टोपलीची गोष्ट सांगून राह्यले. हिच्या आजीनं पाह्यली अन् म्हणे सर, यात धान नाई ठरत, कोंबडी बसवते. तीन वर्षं कोंबडी बसली तिच्यात." पुन्हा सगळे हसले. मी त्या वेड्यावाकड्या टोपलीवरही जळलो. चुकीची का होईना, त्यानं विणली होती, आणि ती कोणाच्या तरी घरी तीन वर्षं कामाला आली होती.

माणसं गेल्यावर मी वहिनींना सगळं सांगितलं. शेरा, परिषद, खोडलेलं वाक्य, त्या मुलींची बोटं. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. माझं झाल्यावर म्हणाल्या, "त्यायले सारं ठाऊक होतं भाऊजी. मी एकदा लय बोलली होती त्यायले. तर म्हणे, गज्या बोलला म्हणून इतक्या शाळेत गेलं, मी बोललो असतो तर इथंच राह्यलं असतं." मी काहीतरी बोलणार होतो. बहुधा तो किती मोठा होता वगैरे. त्यांनी मला थांबवलं. "ते तसे होते. मी तशी नाई. मले राग आलता, अजून हाये. तुमच्या नोटीशीपायी ते रोज बसून लिवत, अन् डोळे चोळत. ते म्या पाह्यलं."

मी म्हणालो, तुमचा राग बरोबर आहे. खरं सांगायचं तर त्याच्या क्षमेपेक्षा हा राग मला हलका वाटला. त्याच्या क्षमेपुढे मी आणखीच लहान होत होतो, आणि क्षमा करण्यातही तोच पहिला आला होता. मी म्हटलं, वहिनी, मी हे सगळं पेपरात लिहीन. नावानिशी. वरच्या ऑफिसलाही कळवीन की पत्रकावरचं नाव चूक आहे. "लिवा," त्या म्हणाल्या. "लिवणं तुम्हाले जमतेच." ते पत्र मी पाठवलं आहे. हा लेख त्याच शब्दाचा भाग आहे.

निघताना पाणी प्यायला आत गेलो. स्वयंपाकघराच्या दाराशेजारची भिंत जमिनीपासून हात पोहोचेल तिथपर्यंत खडूनं लिहिलेली होती. कोलामी शब्द, देवनागरीत, त्याच्या त्या गिचमिड अक्षरात. पाण्याला ईर, घराला एल्ला. काही पुसून पुन्हा लिहिलेले, काहींसमोर प्रश्नचिन्ह. बदली झाल्यावर विसरायला नको म्हणून तो सकाळी भाजी निवडता निवडता ते शब्द वहिनींसोबत म्हणायचा. नातेवाईक भिंतीला रंग द्या म्हणतात, वहिनींनी नाही म्हटलं आहे. खालच्या ओळीतला खडू अजून ताजा दिसत होता... मी सवयीनं खिशातला पेन काढला आणि मागून कोरा असा एखादा कागद शोधू लागलो. निदान हे शब्द तरी उतरवून घ्यावेत, जपून ठेवावेत, कुठं उपयोगी पडतील.

वहिनी दारात उभ्या होत्या. "लिवू नका भाऊजी," म्हणाल्या. "म्हणा."

मी पेन खिशाला लावला. भिंतीकडे तोंड करून पहिला शब्द म्हटला. चुकला. त्यांनी तो बरोबर म्हणून दाखवला आणि वाट पाहत उभ्या राहिल्या. मी पुन्हा म्हटला.